छप्पर जाण्याआधी: रोजमजुरीवरची घरं गावातून उठू नयेत म्हणून

सरपंचताई,

तुमचा प्रश्न असा आहे: राळेगाव तालुक्यातलं तुमचं दोन-सव्वादोनशे उंबऱ्यांचं गाव. यंदा तीन बिऱ्हाडं उठली. एक समाजमंदिरात राहतंय, एक मालकाच्या वावरातल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, तिसरं नागपूरकडे वीटभट्टीवर निघून गेलं. तिन्ही घरांत नवरा-बायको दोघंही रोज कामाला जाणारी, व्यसन कोणाला नाही. घरकुलाची यादी सरकत नाही. पुढच्या वर्षी आणखी घरं उठू नयेत म्हणून ग्रामपंचायतीनं नेमकं काय करावं?

मी 29 वर्षं ग्रामसेवक होतो. सुरुवातीची काही वर्षं चंद्रपूरकडे, बाकी सगळी यवतमाळ जिल्ह्यात. एवढ्या काळात माझ्या डोळ्यांसमोर जी घरं उठली, त्यातलं एकही एका रात्रीत उठलं नाही. दोन-तीन वर्षं आधी कुठेतरी एक अंगठा उठलेला असतो, एक पावती राहिलेली असते, एक नाव लागलेलं नसतं. शेवटी पावसात भिंत बसते किंवा मालक कुलूप लावतो, तेव्हा गावाला कळतं. म्हणून घरकुलाच्या यादीकडे बघत बसू नका. ती ज्यांना घर नाही त्यांची यादी. ज्यांचं घर आज उभं आहे पण जायच्या वाटेवर आहे, त्यांची यादी तुम्हालाच करावी लागेल, आणि ती मृगाच्या आधी व्हायला हवी.

त्यासाठी सरकारी सर्वेक्षण लागत नाही. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या दोन जुन्या बाया एका दुपारी बसवा. गावात कोण कुठल्या आधारावर राहतंय हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रत्येक मजूर घरामागे तीनच गोष्टी लिहा: घर कोणाच्या जागेवर उभं आहे, कागदावर नाव कोणाचं आहे, आणि घराच्या भरवशावर कोणाचे पैसे घेतले आहेत. ही वही ग्रामसभेत वाचायची नाही. आपलं घर गहाण पडलंय हे चारचौघांत कबूल करायला माणूस मरणाचा लाजतो. तुम्ही ते जाहीर केलंत तर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही.

आता एकेक.

आधी सालदारांचं, कारण आपल्याकडे त्यांना कोणी बेघर धरतच नाही. गुढीपाडव्याला साल ठरतं: इतकी रोकड, इतकं धान्य, आणि राहायला वाड्यामागची खोली नाहीतर वावरातला कोठा. बारा महिने कुटुंब तिथे राहतं, पोरं त्याच गावच्या शाळेत जातात, रेशनकार्डही तिथलंच होतं. पण साल मोडलं की पाडव्याला सामान बाहेर. काम आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असलं की मजूर मजुरीबद्दल बोलूच शकत नाही. आजारी पडला तर दोन्ही एकदम जातात. कोठ्यात राहणारं तुमचं ते कुटुंब आज झाकलेलं दिसतं, पण तुमच्या वहीत त्याचं नाव सगळ्यात वर यायला हवं.

त्यातही उचल घेतलेली असेल तर नीट चौकशी करा. प्रत्येक सालदार वेठबिगार नसतो, आणि मालकाला उगाच गुन्हेगार ठरवून गावात दुही पाडू नये. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, हिशेब मालकाच्याच वहीत आणि तो कधी संपतच नाही, असं असेल तर 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा लागू होतो. या कायद्यात एक कलम आहे जे मी स्वतः नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षांनी वाचलं. मुक्त झालेल्या मजुराला तो ज्या घरात कामाच्या बदल्यात राहत होता त्या घरातून काढता येत नाही, आणि काढलं असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याने ताबा परत द्यायचा असतो. शिवाय कायद्याने मुक्त झालेलं वेठबिगार कुटुंब प्रधानमंत्री आवास योजनेत आपोआप पात्र ठरतं.

बाकीच्या सालदारांसाठी इलाज एकच, स्वतःची जागा. जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50,000 रुपये मिळत, नंतर ती मर्यादा 1 लाख झाली. लोक म्हणतात, गावात जागाच कुठे आहे? मी म्हणतो, गावठाणात एक फेरी मारा. पुण्या-नागपूरला गेलेल्यांचे पडके वाडे, पांढऱ्या मातीचे ढिगारे, त्यावर वाढलेली निंबाची झाडं. वारसांना त्या जागेचा उपयोग नाही, घरटॅक्स थकलेला असतो. मी अशा वारसांना पत्रं लिहायचो, दिवाळीत ते गावी आले की भेटायचो. सगळे तयार होत नाहीत, पण दहातला एखादा होतो. वावराच्या कोपऱ्यातला तुकडा मालक खुशीने द्यायला निघाला तरी तुकडेबंदी कायद्यामुळे (वावराचे छोटे तुकडे विकण्यावर बंधन घालणारा कायदा) घरकुलासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून आधी गावठाण बघा.

दुसरी गोष्ट जागेच्या कागदाची. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे ग्रामपंचायतीच्याच हातून सगळ्यात जास्त चुका होतात.

नमुना 8 म्हणजे मालकी, असं अर्धं गाव समजतं. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. अतिक्रमणातल्या घरावरही घरटॅक्स लागतो आणि पावती फाटते. ती पावती राहत असल्याचा पुरावा म्हणून सोन्यासारखी आहे, ती जपायलाच हवी, पण तिच्या जोरावर घर आपल्या मालकीचं आहे असं धरून कोणी कर्ज काढू नये. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक, म्हणजे सनद, मिळते. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर बघा की मजूर वस्तीतली घरं खरोखर नकाशात आली का. मोजणीच्या दिवशी हे लोक कामावर असतात. दारावर कोणी नसतं, शेजारचा सांगतो ती हद्द पडते.

गावठाणाबाहेरची घरं हा वेगळा मामला. आपल्या वऱ्हाडात ती बहुधा ई-क्लास, म्हणजे सरकारी मालकीच्या, जमिनीवर असतात. 1 जानेवारी 2011 पूर्वीची सरकारी जागेवरची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करायचा शासन निर्णय 2018 मध्ये निघाला. पण गावोगावी अर्ज पडून राहिले, कारण 2011 च्या आधी आपण इथे होतो हे दाखवणारा कागद मजुराकडे नव्हता. खरं तर तो कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो! जुनी करवसुलीची पुस्तकं, जुनी मतदार यादी, अंगणवाडीतली जन्माची नोंद, विजेचं जुनं बिल. प्रत्येक घराची एक फाईल करून त्याच्या नक्कल प्रती लावून ठेवा. उद्या महसूलची नोटीस आली तर आठ दिवसांत हे सगळं गोळा होत नाही. गायरानांवरच्या बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच कडक भूमिका घेतली आहे. त्यामुळे "इतकी वर्षं कोणी उठवलं नाही, आता कोण उठवतंय" या भरवशावर राहू नका. चराईच्या जमिनीवर नवं घर बांधू देणं म्हणजे त्या कुटुंबाला दहा वर्षांनी पाडायचं घर देणं आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाची, म्हणजे जुन्या महसुली कागदांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीची, भानगड असते. तुमचं गाव त्यात नाही, पण तुमच्याकडून बरीच लेकीसुना वर्ध्याकडे गेलेल्या असतात, म्हणून सांगतो. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जागांसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली आहे. तिकडे घर बांधायच्या आधी सातबाऱ्याबरोबर निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनींची नोंद) आणि जुनी बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन मोजणी-आकारणीची नोंद) बघितल्याशिवाय एक वीट लावू नये.

तुमच्याकडे कोलामांचा पोड, म्हणजे वस्ती, असेल तर त्यांची घरं वनजमिनीत येऊ शकतात. वनहक्क कायदा 2006 नुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनच्या ताब्याचा दावा शेतीसाठी जसा करता येतो तसा राहत्या घरासाठीही करता येतो, आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुटुंबाला तिथून काढता येत नाही. कोलाम हे आदिम जमातींत मोडतात, त्यामुळे 2023 पासून जनमन योजनेत त्यांच्या घराला 2 लाख रुपये मिळतात, साध्या घरकुलापेक्षा बरेच जास्त. पोडावर जाऊन हे कोणी सांगितलंय का, ते विचारा.

आता पैशाचं. कपाशीची वेचणी माघात संपते. त्यानंतर मृग लागेपर्यंत मजुराच्या हाताला सलग काम नसतं. त्याच दिवसांत लग्नं असतात, दवाखाना असतो, आणि जूनमध्ये शाळेची पुस्तकं, छपराची डागडुजी, हे सगळं एकदम येतं. घर गहाण पडतं ते याच चार महिन्यांत, आणि रक्कम ऐकली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल: वीस हजार, तीस हजार. दीड-दोन लाखांचं घर तेवढ्यासाठी जातं.

जातं कसं ते सांगतो. सावकार "गहाणखत" करत नाही, "खरेदी करून दे, पैसे दिले की वापस करतो" म्हणतो. लोक याला मुदत खरेदी म्हणतात. दुय्यम निबंधकाकडे पक्कं खरेदीखत होतं आणि परत करण्याचं वचन वेगळ्या शंभराच्या स्टॅम्पवर, कधी नुसतं तोंडी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये स्पष्ट आहे: परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. म्हणजे वेगळ्या स्टॅम्पचा तो कागद, ज्यावर मजुराचा सगळा जीव असतो, दिवाणी कोर्टात गहाण म्हणून उभाच राहत नाही. तुमच्या गावातल्या प्रत्येक माणसाला हे एक वाक्य माहीत असलं पाहिजे: घराच्या जागेचं खरेदीखत कर्जापोटी करून द्यायचं नाही, कोणी कितीही ओळखीचा असो.

आणि जे आधीच करून बसले असतील त्यांच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली स्थावर मालमत्ता कलम 18 नुसार जिल्हा निबंधक, म्हणजे जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था, परत करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतले व्यवहार यात येतात. लोकांना वाटतं हा कायदा वावरासाठीच आहे. घर आणि घराची जागाही त्यात येते. व्यवहार कर्जाचाच होता हे दाखवावं लागतं. खरेदी झाल्यावरही कुटुंब त्याच घरात राहत होतं का, बाजारभावाच्या मानाने किंमत किती कमी लिहिली, व्याजाच्या चिठ्ठ्या आहेत का, त्याच सावकाराने गावात आणखी किती अशा खरेद्या केल्या, हे सगळं जमवा. एकट्याच्या अर्जापेक्षा चौघांनी मिळून केलेल्या अर्जांना वजन येतं. माझ्या एका गावात तीन घरांनी असे अर्ज केले. दोघांची जागा परत आली. तिसऱ्याने मध्येच सावकाराशी तडजोड केली आणि तो गाव सोडून गेला. त्याला थांबवायला मी कमी पडलो, ही खंत आजही आहे.

उधारीच्या दाव्यात कोर्टाचा हुकूमनामा झाला की लोक घाबरून स्वतःच घर विकतात. शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारा माणूस स्वतः राहत असलेलं घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 तसं सांगतं. घरच गहाण दिलेलं असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. म्हणूनच तर घर गहाण घेण्यावर सगळ्यांचा डोळा असतो. अलीकडे नमुना 8 वर घरकर्ज देणाऱ्या कंपन्या तालुक्याला आल्या आहेत. हप्ते थकल्यावर त्यांची 60 दिवसांची नोटीस आली की ती देवघरात ठेवून द्यायची नाही, त्याच आठवड्यात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बचत गटाच्या नावाने आठवड्याला हप्ता नेणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांचं थोडक्यात: हे कर्ज विनातारण असतं, त्यापोटी घराचा कागद मागायचा अधिकार कोणाला नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर यायचं नसतं. एका बाईच्या नावावर चार कंपन्यांची कर्जं दिसली की समजायचं, हे घर दिवाळीनंतर गावात नसणार. कुलूप लावून रातोरात वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं बहुतेक यातलीच. वीटभट्टीवर गेलेल्या तुमच्या त्या तिसऱ्या बिऱ्हाडाबद्दल हे विचारून बघा.

याला गावातच तोड आहे. उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे, जोखीम प्रवणता निधी असतो, तो आजारपण, अन्न, अचानक आलेली अडचण यांसाठीच दिलेला आहे. बऱ्याच गावांत तो बँकेत पडून असतो, कारण बायांना वाटतं वाटला तर बुडेल. तुम्ही ग्रामसंघाच्या बैठकीला स्वतः जा आणि ठरवून घ्या की घराच्या कागदावर हात पडायची वेळ आलेल्या घराला दोन दिवसांत पाच-दहा हजार मिळतील, हप्ता वेचणीच्या दिवसांत. वैशाखात वसुली लावाल तर तोही फास होईल. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चायचा असतो. दरवर्षी त्यातून खुर्च्या आणि सतरंज्या येतात. यंदा पाऊस लागण्याआधी गरजू घरांना टिनपत्रे आणि कवेलू देता येतील का, हे विस्तार अधिकाऱ्यांशी बोलून ठराव घ्या.

दवाखान्याबद्दल एकच सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाख झाली आहे, तरी लोक रुग्ण घेऊन आधी ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे जातात आणि पन्नास हजार गेल्यावर योजनेचं नाव काढतात. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा.

आता घरकुलाबद्दल, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे.

घरकुल मंजूर झालं की जुनं घर पाडायची घाई होते. एका वर्षी एप्रिलमध्ये मी एका कुटुंबाला म्हणालो, "पाडा, जोता घ्या, फोटो अपलोड झाला की दुसरा हप्ता येतो." त्यांनी कुडाचं घर पाडलं. पहिल्या हप्त्याचे 15,000 रुपये खोदकामातच संपले, कारण जागा काळ्या मातीची होती आणि मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. मग रेती मिळेना, मग बँक खात्याचं आधार जुळेना, मग पाऊस आला. दोन पावसाळे ते पाच जण ताडपत्रीखाली राहिले. म्हातारी दुसऱ्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेली. कागदावर ते कुटुंब "घरकुल लाभार्थी" होतं. त्या घरावरून मी पुढची कितीतरी वर्षं मान खाली घालून गेलो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळल्या, तुम्हीही पाळा. जुनं घर पाडायचं नाही. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, किंवा बाजूला जागा असेल तर नवं तिथे उभं करायचं आणि छत पडल्यावरच जुनं काढायचं. जागाच नसेल तर काम दिवाळीनंतर काढायचं, म्हणजे पावसाआधी सहा-सात महिने हातात राहतात. आणि पाडण्याच्या दिवसापासून कुटुंब कुठे राहणार हे ग्रामपंचायतीनं आधी ठरवायचं. समाजमंदिराची खोली यासाठी वापरायला काय हरकत आहे? काळ्या मातीत 1,20,000 रुपयांत 25 चौरस मीटरचं घर पुरं होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्याला जोडून येणारं काहीही सोडू नका: रोहयोची 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12,000, घरकुलासाठीची 5 ब्रास मोफत वाळू. मजुरीचं मस्टर (हजेरीपट) वेळेत काढणं हे काम आपल्याच हातात असतं. उरलेल्या खर्चासाठी खासगी कर्ज काढून स्लॅब टाकणाऱ्याला थांबवा. टिनाचं छत टाकून त्या घरात राहता येतं. कर्जाच्या स्लॅबखाली घर टिकेल याची खात्री देता येत नाही.

पावसात घर पडलं तर पहिले दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. आपत्तीच्या निकषांत कच्चं घर अंशतः पडलं तर 4,000 रुपये आणि पूर्ण पडलं तर सपाट भागात 1,20,000. मधला फरक पंचनाम्यातल्या एका शब्दाचा आहे. मातीच्या घराची एक भिंत बसली की उरलेल्या तीनही राहण्याजोग्या नसतात, पण पंचनाम्यात "एक भिंत पडली, अंशतः" असं येतं. तलाठी एका दिवसात पाच गावं करतो, त्याच्याकडे वेळ नसतो. तुम्ही त्याच्याबरोबर फिरा, आतून-बाहेरून फोटो घ्या, तुळई सरकली का, उरलेल्या भिंतींना भेगा आहेत का ते लिहून घ्या. घर राहण्यायोग्य नाही असा शेरा हवा असेल तर बांधकामाच्या अभियंत्याला बोलवा. शिवाय नुकसान 15 टक्क्यांच्या खाली दाखवलं तर काहीच मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. खोटं लिहायला सांगू नका, खरं पूर्ण लिहायला सांगा. समाजमंदिरातलं तुमचं कुटुंब पावसात घर पडून आलं असेल तर त्यांचा पंचनामा आज काढून वाचा. चुकीचा असेल तर तहसीलदारांकडे फोटोंसह फेरपंचनाम्याचा अर्ज करा.

बाहेर कामाला जाणाऱ्यांचं घर रिकामेपणानेही जातं. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा भट्टीवर जातात, तिकडे गोंदिया-गडचिरोलीकडचे तेलंगणात मिरची तोडायला जातात. सहा महिने चूल पेटत नाही, भिंतीला वाळवी लागते, कवेलू माकडं फोडतात, आणि पहिल्या पावसात घर बसतं. त्याच काळात सर्व्हे होतो आणि "घर बंद, स्थलांतरित" असा शेरा पडून नाव कटतं. जाणाऱ्या प्रत्येक घराचा फोन नंबर आणि मुकादमाचं गाव ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. सर्व्हे लागला की फोन करा. घरटॅक्स थकला म्हणून कोणाचा दाखला अडवू नका, हप्ते पाडून द्या. रेशन आता कुठल्याही राज्यात उचलता येतं, हे जाताना सांगा.

राहिली बाई. नवरा गेल्यावर दीर-भासरे घराबाहेर काढतात तेव्हा गाव "घरचा मामला" म्हणून गप्प बसतं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच महिन्यात विधवेचं आणि मुलांचं नाव नमुना 8 ला वारस म्हणून लावून घ्या. ठराव तुमच्याच मासिक सभेत होतो. जिवंतपणीच दोघांची नावं लावली तर त्याहून चांगलं. घरातून हाकलत असतील तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मेलेला कमावता माणूस 18 ते 59 वयाचा आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 मिळतात. तेवढ्याने ते घर एक पावसाळा निभावतं, सावकाराच्या दारी जात नाही.

या आठवड्यात तुम्ही काय कराल? समाजमंदिरातल्या कुटुंबाचा पंचनामा आणि नमुना 8 काढा. कोठ्यातल्या सालदाराच्या बायकोशी, त्याच्याशी नव्हे, एकटीशी बोला. उचलीचा आकडा तिला माहीत असतो. वीटभट्टीवर गेलेल्यांना फोन लावा आणि सांगा की तुमचं नाव यादीतून कटणार नाही, पोरांचा शाळेचा दाखला अडणार नाही, घराच्या दाराला कुलूप आम्ही बघतो. त्यांच्या कवेलूवर ताडपत्री टाकून घ्या. मार्च उजाडायच्या आत वहीतली पहिली पाच नावं मला कळवा, मी येऊन एकेका घरी तुमच्याबरोबर बसतो.